सागरलक्ष्मीचं नाव घेणारा माईक

मित्रांनो, मी वापरलेला माईक आहे. रंग काळा, उंची वीतभर, डोक्यावर फोमची टोपी. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा रेवदंड्यात क्रांतीमॅडमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. मॅडम शाळेत कंत्राटी शिक्षिका. रविवारी त्या माझ्यासमोर बसून बंदरावरच्या माणसांचा पॉडकास्ट करत.

पहिली दोन वर्षं मी सुकट कशी वाळवतात ते ऐकलं. कोणाची हरकत नव्हती. आवाज खणखणीत येतो, असं लोक म्हणत. त्यातला थोडा मान मी घेत असे. एजंट निकेशने माझा विमाही उतरवला. चोरी, आग, पाणी.

"आणि आम्ही जे बोलतो त्याचं काय?" मॅडमनी विचारलं.

"त्याची पॉलिसी वेगळी. ती मोठ्या चॅनेलवाल्यांना. सुकट तुमच्यावर केस करणार आहे का, मॅडम?"

मग कोकिळा आली. तिचा खलाशी नवरा बोट उलटून बुडाला, त्याला सहा महिने झाले होते. ती माझ्यापासून लांब बसली, खुर्ची पुढे ओढावी लागली.

"सात मानसं आन् जाकिटं दोन व्हती," ती म्हणाली. "मालकाला सांगितलं, तं म्हनला, पोवता येत न्हाय काय?"

मॅडम सावध होत्या. मालकाचं नाव त्यांनी एकदाही घेऊ दिलं नाही. सगळीकडे बोटीचंच नाव घेतलं, सागरलक्ष्मी.

भाग बाहेर पडल्यावर आठव्या दिवशी दोघींना मालकाकडून अब्रुनुकसानीची नोटीस आली. अलिबागच्या वकीलबाईंनी सगळा भाग ऐकला आणि चष्मा काढला.

"बंदरावर मालकाच्या नावानं, विनेश म्हणून हाक मारा, चारजण वळतील. सागरलक्ष्मी म्हणा, एकच वळेल. तुमच्याकडे मालकाला बोटीच्या नावानं ओळखतात, हे मला अलिबागेत बसून माहीत आहे."

"पण ते खरं आहे."

"असेल. कोर्टात सिद्ध कोण करणार?"

वाचलेले सहाही खलाशी अजून विनेशशेठच्याच बोटींवर होते. एकजण घरी आला, चहा प्यायला, "मी झोपलो व्हतो, ताई," म्हणाला आणि गेला. उलटत्या बोटीत झोप लागलेला माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

मॅडमनी निकेशला फोन केला.

"नोटीस आल्यावर ती पॉलिसी मिळत नाही," तो म्हणाला. "माईकला काही झालंय का?"

"नाही."

"मग क्लेम बसत नाही."

शाळेच्या कमिटीवर विनेशशेठ होते आणि मॅडमचं कंत्राट जूनमध्ये संपत होतं. समझोता झाला. तो भाग काढून टाकायचा आणि दोघींनी आपापल्या आवाजात माफी मागायची.

या वेळी कोकिळा न सांगता जवळ बसली. चौथी शिकलेली, कागदावर बोट ठेवून वाचू लागली. "मी गैरसमजातून बोलले. माझ्या पतीने उपलब्ध सुरक्षा साधने वापरली नाहीत." ती थांबली.

"म्हंजे जाकीट व्हतं, त्यानंच घातलं न्हाय. असंच ना, मॅडम?"

मॅडम टेबलाकडे बघत होत्या. "हो."

"बरं."

मध्येच थांबल्यामुळे तिला पहिल्यापासून पुन्हा वाचावं लागलं.

मित्रांनो, कोणाचं दुःख माझ्यासमोर बसवण्याआधी वकिलाला विचारा, साक्षीदारांच्या सह्या घ्या, बोलण्याचा विमा उतरवा. यातलं काहीच नंतर करता येत नाही. कोकिळा आधी जे बोलली होती ते आता कुठेच नाही. माफी मात्र मी स्वच्छ टिपली आहे, कुठे खरखर नाही. ती कधीही ऐकता येते.