क्रायटेरियाची हाक

बावीस वर्षं रेणुकाच्या मनात एकच माणूस सलत होता, आणि आज तो लोणावळ्याच्या शाळेत शिक्षक प्रशिक्षणाला आला होता, तिच्याच पुढ्यात, पहिल्या बाकावर. ढमाले सर. प्रशिक्षण देणारी बाई म्हणजे रेणुकाच, पण आडनाव आता सासरचं, त्यामुळे सरांनी काही तिला ओळखलं नाही. तिनं नमुना पाठात नापास केलं की त्यांचं प्रमाणपत्र गेलं, आणि ते घालवायचंच असं तिनं पक्कं केलं होतं.

आठवीत असताना वडगावच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला सरांनी तिला डावललं आणि स्वतःच्या भाच्याला, विक्कीला पाठवलं. तिनं धीर करून विचारलं, "व्हॉट इज द क्रायटेरिया, सर?" सर खो खो हसले. "अगं, एकाला क्रायटेरियन म्हणतात! आधी एकवचन शीक, मग वडगावला जा." तेव्हापासून दहावीपर्यंत तिला कुणी रेणुका म्हटलं नाही. कान्हे स्टेशनावरसुद्धा पोरं ओरडायची, "ए क्रायटेरिया!"

पाठाचा विषय चिठ्ठी काढून ठरायचा. पहिला नंबर तिनं सरांचाच लावला होता. डब्यातल्या झाडून सगळ्या चिठ्ठ्यांवर तो एकच शब्द, क्रायटेरिया. बाकीच्यांचा डबा टेबलाखाली.

चिठ्ठी वाचून सर चक्क खूश झाले. आणि पाठ झालाही फक्कड! अर्थ कसोटी, निकष. मूळ ग्रीक, निवाडा करणाऱ्याला तिकडे 'क्रितेस' म्हणत, त्याच कुळातला हा शब्द. कसोटी एक असली तर क्रायटेरियन, अनेक असल्या तर क्रायटेरिया. रेणुकाचा नुसता जळफळाट झाला. बोट ठेवायला जागा नव्हती.

"आता हे पोरांच्या डोक्यात बसवायचं कसं?" सर रंगात आले. "माझ्या वर्गात एक पोरगी चुकली. तिचं असं हसं केलं, की जन्मात विसरली नसेल!"

चाळीस शिक्षक हसले. रेणुका उठली.

"नाव काय तिचं, सर?"

"नाव... न्हाई बुवा आठवत. कान्ह्याची होती."

"आठवा. आठवेपर्यंत उभे राहा."

सरांनी घाम पुसला. "खरंच न्हाई आठवत, मॅडम. आम्ही तिला क्रायटेरियाच म्हणायचो."

"मग तशीच हाक मारा. ती इथंच आहे."

सरांनी बाकांवरचा एकेक चेहरा न्याहाळला. मग हळूच वळून तिच्याकडे पाहिलं, आणि खडू हातातून पडला.

नापास करून त्यांना इतक्या स्वस्तात सोडायची तिची आता तयारी नव्हती. तिनं गुणपत्रक ओढलं, पाठाला पैकीच्या पैकी गुण दिले, सही केली.

"मारा हाक, सर," ती म्हणाली. "मी थांबलेय."