डागलेली टाच

उठल्यावर शीलानं पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं, तशी उजव्या टाचेमागं कळ उठली. सहा महिने हे रोजचंच झालं होतं. भिंतीला धरत ती मेंढवाड्यापर्यंत गेली, लेंड्या झाडल्या, कोकरं मोकळी केली. पालमजवळच्या माळावर साठ मेंढरांमागं दिवसभर चालायचं तिनंच. नवरा अंगद बाजार आणि पारावरची बैठक सांभाळी.

“टाच लय ठणकायलीय, आत्या. आठ दिवस बसू का?” तिनं सासूला, बानूबाईला विचारलं.

“बसून कुनाचं दुखणं गेलंय? बन्सीधरला बोलावते. एक डाग दिला की मोकळी.”

बन्सीधर गावात डागणी करायचा. त्यानं विळ्याचं टोक चुलीत लाल केलं. अंगदनं पाय दाबून धरला. कातडी चरचरली, शीलानं पदर तोंडात कोंबला. भाजल्याच्या आगीत जुनी कळ चार दिवस जाणवली नाही. सगळे म्हणाले, गुण आला. पाचव्या दिवशी ती मेंढरांमागं. पंधरवड्यानं दुसरा डाग, पहिल्याच्याच वर.

तो चिघळला. तशात ओढ्याची दरड चढताना मागून कुणी काठी हाणावी तसा आवाज झाला आणि ती कोसळली. मागं कुणीच नव्हतं.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर महेश्वरी यांनी अंगदला समोर बसवलं. “टाचेमागं दोरासारखी जाड शीर असते, कंडरा म्हणतात तिला. चालून तिचे धागे झिजतात. अंगातली एन्झाइमं ते झिजलेले धागे कापून काढतात, मग नवे विणले जातात. कापणं लवकर होतं, विणायला महिने लागतात. आराम मिळाला नाही, की कापणं चालूच राहतं आणि विणणं मागं पडतं. हिची शीर आतून अशी विरत गेली आणि तुटली.”

“पर आमी डाग दिला होता की!”

“डाग कातडीला लागला. आता तिथं पू झालाय, त्यामुळं शीर जोडताही येत नाही. ही पहिल्यासारखी चालेल असं मी सांगू शकत नाही.”

“सुरुवातीलाच किती आराम लागला असता?” शेजारच्या खाटेवरून शीलानं विचारलं.

“तीन महिने कमी चालणं, थोडा व्यायाम.”

शीलानं डोळे मिटून घेतले.

ती लंगडत घरी आली. मेंढरं धाकटी जाऊ बबिता नेऊ लागली, चाऱ्याचे भारेही तिच्याच डोक्यावर. चार महिन्यांत बबिताचा खांदा वर होईना. बानूबाईनं पुन्हा बन्सीधरला बोलावलं. “टाचेला मानवला न्हाई, खांद्याला मानवंल.”

विळा तापत होता. शीला पाय ओढत चुलीपाशी आली आणि तिनं घागरभर पाणी आगीवर ओतलं.

“आजपासून ह्या घरात डाग न्हाई. बबिता तीन महिने भारा उचलणार न्हाई. मेंढरं तुमच्या थोरल्या लेकानं न्यावीत.”

“बाईमाणसानं बसून ऱ्हायचं?” बानूबाईनं चोळीची बाही वर सारली. दंडावर सात जुने डाग होते. “आमाला कुनी बसू दिलं?”

“न्हाई दिलं, आत्या. बसू दिलं असतं, तर हे सात डाग कशाला लागले असते?”

बानूबाईनं बाही खाली ओढली आणि बन्सीधरला हातानंच जा म्हणून खुणावलं.

दुसऱ्या दिवशी अंगद मेंढरं घेऊन निघाला. बबिताचा खांदा बरा होईल. शीलाचा पाय होणार नाही.

तुमच्या घरात विळा तापत नसेल. पण दुखतंय म्हणणाऱ्या बाईला, बस, असं शेवटचं कधी कुणी म्हणालं होतं?