एका किटलीचं औषध

रिम्मा अर्काद्येव्ना शहरातून आमच्या नदीकाठी आली ती दोन पेट्या बाटल्या घेऊन. अर्ध्या बाटल्यांत लिमोन्निक या रानवेलीच्या लाल फळांचा अर्क होता, अर्ध्यांत रंगवलेला कडू चहा. कुणाला काय मिळालंय ते कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. रोज सकाळी बाटलीतला एक घोट घ्यायचा, मग लाकडी ठोकळ्यावर शंभरदा चढउतार करायची आणि अक्षरांनी भरलेल्या कागदावरचं एकच अक्षर शोधून खोडत बसायचं. थकवा किती आणि चुका किती, हे ती वहीत टिपणार. लिमोन्निकने खरंच शीण जातो हे या उन्हाळ्यात दाखवता आलं नाही, तर तिची संशोधन संस्था हे काम बंद करणार होती. चार वर्षांचं काम.

आता आम्ही उदेगे, रशियाच्या पूर्व टोकाच्या जंगलातले शिकारी लोक. मूठभर लिमोन्निक तोंडात टाकून दिवसभर सेबल या किमती कातड्याच्या जनावराच्या मागावर फिरणारे. पहिल्याच घोटाला गावातल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं की खरं कुठलं आणि चहा कुठला. पण रिम्माला हे सांगायचं कुणी? पाहुणी होती, आणि कागदांवर इतका जीव लावून वाकायची की आमचं धाडसच होईना.

गावची परिचारिका मी. प्रत्येकाने आपापल्याच बाटलीतला घोट माझ्यासमोर घ्यावा, ही जबाबदारी माझी. मी पहिले दोन दिवस ती पार पाडली. तिसऱ्या दिवशी माव्रा आत्याने सगळ्या बाटल्या आपल्या मोठ्या किटलीत ओतल्या आणि त्यातूनच सगळ्यांना सारखं वाटायला लागली. गावात शिकार आली की वाटे तीच करते आणि तिच्या वाट्यांवर आजवर कुणी तक्रार केलेली नाही. मी विरोध केला नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या बाटलीतही चहाच होता.

महिना संपला. रिम्माने वही मिटली आणि पायरीवर बसून राहिली. दोन्ही गटांत केसाएवढाही फरक नव्हता. लिमोन्निक आणि चहा सारखेच, असं तिला आता लिहून पाठवावं लागणार होतं. तिने जेवणही घेतलं नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की मी तिच्यापुढे बसले आणि सगळं ओकून टाकलं. ती ओरडेल, माझी नोकरी घालवेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "वाटे सारखे होते?"

"थेंबाचाही फरक नव्हता," मी म्हणाले.

मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. तेवढ्यात आत्या आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पोरी, एका किटलीतलं पिणाऱ्या माणसांना दोन औषधं देतेस कशी? याला द्यायचं आणि त्याच्या भावाला नाही? तुला वाटायचंच असेल तर गावागावांत वाट. आम्हाला एक, खालच्या गावाला दुसरं."

रिम्मा तिच्याकडे बघतच राहिली. शहरातल्या कुणाला सुचलं नव्हतं ते. दोन दिवसांत सगळं नव्याने मांडलं. या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून उभी राहिले. नाणं उडवलं आणि चहा आला आमच्या वाट्याला. पहिल्या घोटाला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळे ठोकळ्याकडे वळले.

अडचण उभी राहिली चौथ्या दिवशी. खालच्या गावात आत्याची मुलगी तोन्या दिली होती. आईच्या गावाला नुसता चहा मिळतोय हे कानावर येताच ती ओंडक्याच्या होडीतून भरलेली किटली घेऊन आली. आईचा वाटा. आत्या पाण्यात गुडघाभर उतरली आणि तिने होडी परत ढकलली.

उदेगे बाईने लेकीचा वाटा परतवून लावणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? तोन्याचा चेहरा पांढराफटक पडला. आत्या घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी मात्र उठून ठोकळ्यावर शंभरदा चढली, आमच्याकडे न बघता.

महिनाअखेरीस लिमोन्निकच्या बाजूने फरक निघाला. मोठा नाही, असं रिम्माने दोनदा बजावलं. चवीवरून लोकांना सगळं कळलं होतं, हेही तिने कागदावर लिहिलं. आम्ही म्हटलं, हे कशाला लिहितेस? तर म्हणाली, "नाहीतर ते खोटं ठरेल." संस्थेने तिला आणखी एक वर्ष दिलं. तेवढ्यावर ती खूश होती.

आत्या खूश नव्हती. तिने एल्क हरणाच्या मांसाचा चांगलासा तुकडा बांधला, मला वल्ह्याला बसवलं आणि आम्ही खालच्या गावी गेलो. तोन्या काठावर आली, हाताची घडी घालून.

"शहरातल्या बाईचं परवानगीपत्र आणलंस? नाहीतर होडी परत ढकलावी लागेल," ती म्हणाली.

आत्या होडीतच उभी. मान खाली. मी आयुष्यात तिला असं पाहिलं नव्हतं. तोन्याने बराच वेळ तिला तसंच उभं ठेवलं, मग ओठ चावत हात पुढे केला.

मांस तोन्यानेच कापलं. दहा माणसं होती, दहा वाटे झाले. त्यातला सर्वांत मोठा तिने आईपुढे ठेवला, चांगला दुपटीएवढा. सगळ्यांचे डोळे आत्याकडे. थेंबाथेंबाचा हिशेब करणाऱ्या त्या बाईने खाली मान घालून सगळा खाल्ला.