यशोदाबाईंनी घडी करून लपवलेली साडी

मी एक जुनी सुती साडी आहे. मित्रांनो, आज माझे तुकडे झाले आहेत आणि ते कशासाठी झाले, हे सांगताना मी अजूनही संकोचते.

यशोदाबाई आणि त्यांचे यजमान ज्ञानदेव कारखान्यांत काम शोधायला लातूरकडून चिखलीला आले, तेव्हा मी नवी होते. हळदीकुंकवाला बायका माझा काठ चाचपून बघत. यशोदाबाई मात्र धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर सव्वा महिनाही न थांबता वर्कशॉपात लोखंडी सुट्या भागांचे क्रेट उचलू लागल्या. पुढे वय वाढलं, आणि एके दिवशी ओझं उचलताना त्यांचं अंग खाली आलं. न्हाणीत त्यांनी हात लावून पाहिलं आणि त्या रडल्या. आपल्याच हातून काही पाप घडलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मला फाडलं, घडी केली आणि आत बांधलं.

तेव्हापासून मी त्यांची लाज झाकत राहिले. खोकला आला की मी भिजायची. वास येईल म्हणून त्या कुणाजवळ बसत नसत. शेजारची रोशनबी विचारायची, "बस ना गं, उभी का?" त्या म्हणायच्या, "पाठ धरलीय." देवळात जाणं सुटलं, भावकीतली लग्नंही सुटली.

मग सून विजयश्री बाळंतीण झाली. थोड्याच दिवसांत, नळाला पाणी आलं तशी ती भरलेला हंडा उचलायला वाकली.

"ठेव तो! माझ्यासारखं व्हईल तुझं!" यशोदाबाई ओरडल्या. त्यांनी हंडा हिसकावला आणि कळ येऊन तिथंच खाली बसल्या.

"तुमच्यासारखं म्हणजे काय, आई?"

त्यांनी पदरात तोंड लपवलं. विजयश्रीनं दार लावून घेतलं आणि त्या सगळं सांगेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

दवाखान्यात माझी गाठ सोडवून मला स्टुलावर ठेवलं. उजेडात माझे डाग दिसत होते. यशोदाबाईंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, गर्भाशय खाली सरकलंय. त्याला धरून ठेवणारे स्नायू बाळंतपणानं, ओझ्यानं सैल पडतात. पुष्कळ बायकांना होतं हे. तुमचं काही चुकलेलं नाही." गर्भाशय वर धरून ठेवायला त्यांनी आत एक मऊ रिंग बसवली आणि ती तपासायला, स्वच्छ करायला नियमित यायला सांगितलं. खालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम शिकवला. जड उचलायचं नाही, पोट साफ ठेवायचं. एवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन करता येतं, असंही सांगितलं.

घरी विजयश्रीनं सासऱ्यांना सांगितलं. ज्ञानदेव यशोदाबाईंजवळ येऊन बसले.

"इतकी वर्षं माझ्यापासून लपवलंस?"

"तुमी इचारलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, तेव्हा हंडा ज्ञानदेवांनी उचलला.

यशोदाबाईंचं दुखणं पुरतं गेलेलं नाही. पण त्या आता चारजणींत बसतात, पोटभर हसतात. माझी गरज उरलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी बाई बसायचं टाळत असेल, कुठं यायला नको म्हणत असेल, तर तिला चिडवू नका. जवळ जा आणि काय होतंय ते विचारा. लाजेनं ती पहिल्यांदा खोटं सांगेल. तुम्ही पुन्हा विचारा.