दोन विषय आणि दोन मिनिटं

चौदा नंबरची बस चालवणाऱ्या बाईला डेपोत सगळे घड्याळबाई म्हणत. हे नाव कौतुकाने पडलं की वैतागाने, यावर डेपोत सरळ दोन तट होते. बावीस वर्षांत तिची गाडी थांब्यावरून एकदाही उशिरा सुटली नव्हती. वेळ झाली की दार बंद, मग मागून धावत येणारा कोण का असेना. विद्यापीठासमोरच्या थांब्यावर एक काठीवाले आजोबा रोज गाडी पकडायचे. लागोपाठ तीन दिवस ते हात हलवत मागे राहिले. चौथ्या दिवसापासून दहा मिनिटं आधीच येऊन बसायला लागले, आणि चढता चढता तिला रोज ऐकवायला लागले, "बाई, जे माझ्या बापाला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत. वयाच्या पंचाहत्तरीत शिस्त लागली मला!"

घरातही तिचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. ज्याचा निकाल लागेल त्याची गुणपत्रिका आठवडाभर फ्रीजच्या दारावर लावायची, बरी असो की वाईट. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. परवान्याच्या परीक्षेत तो पहिल्या खेपेला आपटला, तेव्हा ते पत्र तिथे झळकलं होतं. लेकीला आठवीत गणितात शंभरपैकी अकरा मिळाले, तेव्हा ते अकरा टोमॅटोच्या आकाराच्या चुंबकाखाली आठ दिवस लटकत होते आणि घरात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ते वाचले होते. लेक रडून रडून लाल झाली. आई म्हणाली, "लपवलं की ते मोठं होत जातं. दारावर लावलं की आठवड्यात जुनं होतं."

अशा या बाईने सेहेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचे वर्ग होते. का घातलं, तर बावीस वर्षं त्या इमारतीसमोर दिवसातून सहा वेळा दार उघडलं आणि स्वतः एकदाही तिथे उतरली नाही, हे तिला एक दिवस भलतंच खटकलं, एवढंच. अभ्यास तिने डोळ्यांत तेल घालून केला. सनावळ्या पाठ होत्या, व्याख्या पाठ होत्या. लेक औषधांच्या दुकानात कामाला लागली होती, ती संध्याकाळी आल्यावर आईचे प्रश्न घ्यायची आणि म्हणायची, "आई, तू पहिली येणार बघ."

मंगळवारी डेपोच्या कँटीनमध्ये तिने मोबाइलवर निकाल पाहिला. सातपैकी पाच विषय सुटले होते. इतिहास आणि समाजशास्त्र, दोन्ही राहिले होते. तिने मोबाइल पालथा ठेवला, पुन्हा सरळ केला. आकडे तेच होते.

"लागला का निकाल?" संध्याकाळी लेकीने विचारलं.

"लांबलाय," आई म्हणाली आणि विनाकारण ओटा पुसायला लागली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिला हे कळत का नव्हतं? चांगलं कळत होतं. म्हणूनच पाणी घ्यायला फ्रीजकडे जाताना ती मान फिरवून जायला लागली. नवऱ्याने गुरुवारी सकाळी चहा पिता पिता त्या रिकाम्या दाराकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि डबा उचलून कामावर गेला. तो शहाणा माणूस होता.

त्याच दुपारी ड्युटीच्या मधल्या सुट्टीत ती विद्यापीठाच्या कार्यालयात गेली. आपण नापास झालोच कसे, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. खिडकीतल्या कारकून बाईंनी इतिहासाची उत्तरपत्रिका तिच्यापुढे सरकवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"एक विचारू? प्रत्येक उत्तराच्या शेवटी तुम्हाला कुणी हाक मारत होतं का हो?"

तिने पानं उलटली. पहिलं उत्तर 'या उठावाचं सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणजे' इथे संपलं होतं. दुसरं 'म्हणून राजाने अखेर' इथे. सहाच्या सहा उत्तरं अशीच, आणि प्रत्येकाखाली लाल शाईत लिहिलेलं, 'अपूर्ण'.

"वेळ झाली होती," ती म्हणाली. "सहा प्रश्न, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. पंचविसावं मिनिट झालं की पुढचा."

"वाक्य अर्धं टाकून?"

"वेळ म्हणजे वेळ."

"अहो, पण सहा पंचवीस म्हणजे अडीच तास. पेपर तीन तासांचा होता. शेवटचा अर्धा तास काय केलंत?"

"बसून होते."

"मागे जाऊन पूर्ण का नाही केलंत?"

घड्याळबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी तिला भर रस्त्यात गाडी उलटी घ्यायला सांगितली होती. सुटलेल्या थांब्यावर परत जायचं असतं, हे तिला बावीस वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं. छोट्या प्रश्नांचे पाच पेपर तेवढे या शिस्तीतून वाचले होते. कारकून बाई आधी हसल्या, मग त्यांना वाईट वाटलं. त्यांनी ड्रॉवरमधून तिची छापील गुणपत्रिका आणि एक फॉर्म काढला.

"दोन विषय राहिले तर वर्ष जात नाही. दुसऱ्या वर्षाला बसायचं आणि हे दोन सोबत पुन्हा द्यायचे. फक्त हा फॉर्म भरा. 'नापास होण्याचं कारण' या चौकटीत स्वतःच्या शब्दांत लिहा. उद्या चारला खिडकी बंद, मग मात्र पहिलं वर्ष परत."

पहिलं वर्ष परत करायला ती काही थांबणार नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं. फॉर्म भरला नाही तर शिक्षण संपलं. आणि रात्रभर कूस बदलताना तिला तेच बरं वाटायला लागलं होतं. या वयात पोराटोरांच्या बाकावर बसून नापास व्हायची हौस कुणाला आहे?

तरी शुक्रवारी सकाळी ती फॉर्म घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली. बाकीच्या चौकटी भरल्या, सही केली, मग शेवटच्या चौकटीत लिहिलं, 'मी दोन विषयांत नापास झाले, कारण'. एवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात ड्युटीला निघायची वेळ झाली. ती उठली. पेन तिथेच, फॉर्म तिथेच. जिना उतरताना मनात म्हणाली, राहिलं ते राहिलं, सुटले एकदाची.

दुपारी लेक जेवायला घरी आली, तेव्हा फॉर्म आणि त्याखालची गुणपत्रिका दोन्ही टेबलावर होती. तिने ते अर्धं वाक्य वाचलं, घड्याळ पाहिलं आणि हातातला घास ताटात ठेवून तशीच चप्पल घालून निघाली. ड्युटीवर आईचा फोन बंद असायचा. पण आई तीन छत्तीसला कुठे असेल, हे सगळ्या शहराला माहीत होतं.

तीन छत्तीसला चौदा नंबर विद्यापीठासमोर थांबली. पुढच्या दाराने आजोबा चढले, आणि त्यांच्या मागोमाग फॉर्म हातात घेऊन लेक.

"आई, हे पूर्ण कर."

आईचा चेहरा उतरला. "इथे कशाला आलीस? घरी बोलू."

"घरी येशील तेव्हा खिडकी बंद झालेली असेल."

"होऊ दे. मला नाही जमत ते. झालं तेवढं पुरे." तिने आरशात पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उतर आता. अडतीसला गाडी सुटते."

"लपवलं की मोठं होतं, असं कोण म्हणालं होतं?"

"उतर म्हटलं ना!"

"अकरा मार्क आठ दिवस लावलेस तू माझे. मी गेले का घर सोडून?"

पुढच्या बाकावरच्या एक बाई हातातली पिशवी सावरत पुढे वाकल्या. आजोबा बसायचे सोडून दांडा धरून उभेच राहिले होते. घड्याळात तीन अडतीस झाले. घड्याळबाईचा हात दाराच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

"किती लिहायचं राहिलंय?" आजोबांनी लेकीला विचारलं.

"अर्धं वाक्य."

"मग थांबा की बाई! आम्ही नाही का तुमच्यासाठी दहा-दहा मिनिटं थांबत?"

गाडीत हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "लिहा, लिहा! आम्हाला नाही घाई." खरं तर चार जणांना होती, पण अशा वेळी कोण कबूल करतो?

तिने बटणावरचा हात काढला. फॉर्म स्टिअरिंगवर टेकवला, पेन घेतलं आणि लिहायला लागली. बावीस वर्षांत वेळ होऊन गेल्यावर ती पहिल्यांदाच जागची हलली नव्हती. आधी तिने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मग तिला जाणवलं की गाडी आहे तिथेच आहे, माणसं आहेत तिथेच आहेत, काहीही कोसळलेलं नाही. मग मात्र तिने अक्षर नीट काढलं.

'मी दोन विषयांत नापास झाले, कारण वेळ झाली की मी वाक्य अर्धवट टाकून पुढे निघते. पुढच्या वेळी पूर्ण करूनच निघेन.'

लेकीने फॉर्म घेतला आणि रस्ता ओलांडून धूम ठोकली. दार बंद झालं. वायरलेस खरखरला, "चौदा नंबर, दोन मिनिटं उशीर? गाडी बंद पडली का? तब्येत ठीक आहे ना?"

"गाडी चालू आहे. मी पण ठीक आहे," ती म्हणाली. "एक उत्तर पूर्ण करत होते."

डेपोत उशिराची वही असते, त्यात तिच्या नावापुढची जागा बावीस वर्षं कोरी होती. संध्याकाळी तिने तिथे हेच कारण लिहिलं. डेपो मॅनेजरने ते दोनदा वाचलं, शेरा काय मारावा ते त्याला सुचेना, शेवटी नुसती सही केली.

ती घरी आली तेव्हा लेक दारातच उभी होती. तिने फॉर्म पोचल्याचा शिक्क्याचा कागद पुढे केला. "दुसरं वर्ष!" ती म्हणाली. "तीन एकावन्नला दिला."

आईने तो कागद बाजूला ठेवला आणि आधी गुणपत्रिका उचलली. टोमॅटोचं चुंबक शोधलं. फ्रीजच्या दाराच्या बरोबर मधोमध, पाहुण्यांच्या नजरेच्या उंचीला तिने ती लावली, आणि मग शिक्क्याचा कागद तिच्या शेजारी. नवरा पाणी घ्यायला आला, वाकून सगळे सात विषय वाचले आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा बरे आहेत." मग बाटली घेऊन निघून गेला.

मायलेकी तिथेच उभ्या राहिल्या. अकरा मार्कांचा कागद याच जागी होता.

"तुला तेव्हा फार लागलं होतं का गं?" आईने विचारलं.

"लागलं होतं," लेक म्हणाली. "आठवडाभर."