मामा पडद्याबाहेर

टीव्हीवर काळी पट्टी दिसली की दिवाकररावांचं डोकं सटकायचं. मंत्रालयातले बाबू ते. जागा रिकामी दिसली की ती भरायची, हाच त्यांचा धर्म. जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यातलं दोन खोल्यांचं घर सोडून नव्या राजधानीतल्या सरकारी क्वार्टरात आले, अन् आल्या आल्या भिंतभर टीव्ही घेतला. बाहेर रस्ते एवढे रुंद, की गाय ओलांडायला निघाली तर मधेच बसून रवंथ करून घ्यायची. माणूस मात्र औषधालाही दिसायचा नाही. घरात तरी भरगच्च दिसावं, एवढंच त्यांचं मागणं.

अन् नेमकी अनुश्रीच्या, म्हणजे पोरीच्या, लग्नाची शूटिंग आडवी लांबोडकी निघाली. गोल बाजारच्या फोटोवाल्यानं "भैया, एकदम सिनेमा जैसा" म्हणत काढलेली. लावली की वर काळं, खाली काळं. रिमोटवर 'फुल'चं बटन होतं. ते दाबलं की चित्र फुगून पडदाभर व्हायचं, पण दोन्ही बाजू कापल्या जायच्या.

रविवारी दुपारी विनोदिनीबाई म्हणाल्या, "अहो, मंगलाष्टकं लावा. शेखरले पाहीन म्हणते."

शेखर त्यांचा धाकटा भाऊ. पोळ्याच्या दिवशी वारला. फोटो म्हटला की संडासात लपणारा माणूस. अख्ख्या जन्मात कॅमेऱ्याला सापडला तो एकदाच, भाचीच्या मंगलाष्टकांत. मामानं नवरीच्या मागं उभं राहायचं असतं, पळून जायची सोय नाही. मधे अंतरपाट, इकडे नवरी, तिकडे नवरदेव, अन् दोन टोकांना दोन मामा.

दिवाकररावांनी शूटिंग लावली आणि सवयीनं 'फुल' दाबलं. दोन्ही मामा गेले. अनुश्रीच्या खांद्यावर शेखरचा उजवा हात तेवढा उरला. हातामागं कोणीच नाही.

"अहो, कापला नं तो!"

"हात दिसून राहिला नं? ओळख हातावरून."

"मले त्याचं तोंड पाहाचं हाय."

"एका तोंडासाठी अर्धा टीव्ही काळा करू काय?"

कुकरची शिट्टी झाली, अन् पाठोपाठ फोन वाजला. दुर्गहून देवीदास, नवरदेवाचे मामा.

"दिवाकरराव, मी घरी सोफ्यावर बसून राहिलो, अन् मले तुमच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. कानाले कोणाचा तरी कूलर लागून राहिला. आमच्याकडे कूलर नाही."

"गॅस झाला असन. सोडा प्या," म्हणून दिवाकररावांनी फोन ठेवला.

टीव्हीच्या डाव्या बाजूला फरशीवर काहीतरी टपटपलं. अक्षता. ओल्या हळदीच्या, ताज्या. मग शेखरच्या तंबाखूचा वास आला.

विनोदिनीबाई घाबरल्या नाहीत. "कापलेला माणूस कुठंतरी उभा राहीनच नं," एवढं बोलून त्या आत गेल्या. उरलेलं दूध पेटत्या गॅसवर तसंच ठेवून चहा घेऊन आल्या.

टीव्ही अन् कपाटाच्या फटीत शेखर उभा होता. फेटा, लग्नातला सदरा. उजवा हात कोपरापासून नव्हता. तो तिकडे पडद्यात, भाचीच्या खांद्यावर. पलीकडे कूलरपाशीही काहीतरी धूसर हलत होतं. ते देवीदास असावेत. जिवंत असल्यामुळे नीट उमटत नव्हते.

"भाऊजी," शेखर म्हणाला, "एका हातानं नमस्कार होत नाही, माफ करा."

विनोदिनीबाईंनी एका हातानं भावाची बाही धरली, दुसऱ्यानं बशी त्याच्या ओठाला लावली. "किती वाळला रे तू."

दिवाकररावांनी रिमोट शोधला अन् तेच बटन पुन्हा दाबलं. वर काळं, खाली काळं. फट रिकामी झाली. शेखर पडद्यात आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

बाही सोडायचं विनोदिनीबाईंना सुचलंच नव्हतं. त्याही पडद्यात होत्या. शेखर अन् अनुश्रीच्या मधे, घरातल्या गाऊनवर, हातात बशी.

"अवं, बाहेर ये!" दिवाकरराव ओरडले. अन् पुन्हा 'फुल' दाबलं.

शेखर पुन्हा कपाटापाशी आला, तसाच अर्ध्या हाताचा. विनोदिनीबाई आल्या नाहीत. त्या आता आतल्या बाजूला होत्या, अन् मधल्याला कोणी कापत नाही.

"भाऊजी, ताई तिकडंच राहिली," शेखर हळूच म्हणाला.

पडद्यात विनोदिनीबाई मागं वळल्या होत्या. पोरीच्या खांद्यावरचा तो सुटा हात त्यांनी धरला, बोटं चाचपली, मनगटाच्या पलीकडं पाहिलं. तिथं चित्राचा काठ होता. त्या काठाला त्यांनी कपाळ टेकवलं. मंगलाष्टकं चालूच होती.

दिवाकररावांनी बराच वेळ ते पाहिलं. मग आपल्या हातानं काळ्या पट्ट्या परत आणल्या, अन् रिमोट टीव्हीखाली, हात पुरणार नाही असा, सरकवून दिला.

पडद्यात भाऊ बहिणीजवळ पोचला. त्याचं तोंड पाहून तिनं बशी पुढं केली. मग काहीतरी आठवल्यासारखी ती पुढं आली, खिडकीच्या चौकटीवर टेकावं तशी खालच्या काळ्या पट्टीवर कोपर टेकवून वाकली.

"अहो," ती म्हणाली, "दूध उतू जाऊन राहिलं."