बत्तीस नंबरची तार

शालनच्या पहिल्या मुलाचं बारसं सोलापुरात झालं, ते साल एकोणीसशे सत्तावन्न. तिचा बाप हिंदुराव देहूरोडहून एकटाच गेला. नाव ठेवून झालं, बायका पाळण्याभोवती बसल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "शालन, तुझ्या आईची ओवी म्हण की."

शालनने बापाकडं पाहिलं. "आबा, आई गेली तेव्हा मी नुसती रांगत होते. कशी म्हणायची हो आई?"

शब्द हिंदुरावाला पाठ होते.

सरलं माझं दळण, जातं अजून गरम
बाळाच्या झोपेसाठी हात करते नरम

शब्द त्याने सांगितले. चाल काही निघेना. 'गरम'वर सुभद्राबाईचा गळा खालून वर चढायचा एवढं ध्यानात होतं. कसा चढायचा, ते गेलं होतं. इतकी वर्षं आपल्यापाशी आहे म्हणून निवांत राहिला, आणि उघडून बघतो तर डबा रिकामा. बायका दुसऱ्या गाण्याकडं वळल्या. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

घरी येऊन त्याने फळीवरची गिटार काढली. देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या साहेबांच्या क्लबात वाजवणारा एक गोवेकर गावी परतताना ती त्याला देऊन गेला होता. ऐकायला रोज बसणारा हिंदुराव एकटाच, म्हणून. ही गिटार आडवी ठेवायची आणि डाव्या हाताने तारांवर पोलादी कांब सरकवायची. सूर माणसाच्या गळ्यासारखा घसरत वर जातो. गळ्याने होत नाही ते हाताने सापडेल, असं त्याला वाटलं.

पण कांब सरकवली की सगळ्याच तारा एकदम चढायच्या. जात्याची घरघर जागच्या जागी राहायला हवी आणि तिच्यातून एकटा गळा वर निघायला हवा. ते कांबेने होईना. शेवटी तो बाजारातल्या अजीजकडं गेला. अजीजचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याने ब्रेकची दांडी आणि एक जुनं पायडल जोडून असं केलं, की पायाने दाबलं तर एकच तार ताणली जावी.

"हिंदुराव, लोक ब्रेक दाबतात थांबायला," अजीज म्हणाला. "तुम्ही दाबणार वर चढायला. मेहेरबानी करा, हे माझ्या दुकानात झालं म्हणून कुणाला सांगू नका."

पुण्याहून सतारीच्या तारा आणल्या. या तारांचा हिशेब उलटा असतो. नंबर वाढला की तार बारीक. आधी तीस नंबरची चढवली. पायडल दाबलं, सूर चढला, पुन्हा दाबलं, आणि तार तुटून हिंदुरावाच्या मनगटावर बसली.

"जाड घाला," अजीज म्हणाला. "सायकलची तार तुटली की आपण जाडच घालतो ना?"

हिंदुरावाला ते पटलं. सुभद्राबाईचा गळा भरदार. पहाटे ती दळायला बसली की घोंगडीखाली त्याची छाती घुमायची. तिला जाडच तार शोभणार. अठ्ठावीस नंबरची घातली. पायडल दाबताना मांडीला गोळे आले, आणि ही तार तर आधीच्यापेक्षा लवकर तुटली. दुसरी घातली, तीही गेली.

अजीज तुकडे उजेडात धरून बसला. "मधे एकही तुटलेली नाही. सगळ्या दांडीच्या कडेवर तुटल्यात, वळतात तिथं. जाड तार वळायला राजी नसते, भाऊ. दर वेळी वाकवा, सरळ करा, किती सोसेल? बारीक घाला."

बत्तीस नंबरची घातली. दिवसभर दाबली, टिकली. पायही हलका पडत होता. पण आवाज! काटकुळा, पुढच्या खोलीत पोचणार नाही इतका. हिंदुरावाने पायडलवरून पाय काढून घेतला.

"टिकली तर तोंड का पाडता?" अजीजने विचारलं.

"ही ती नाही रे."

आता विचारायला एकच माणूस उरलं होतं. सुभद्राबाई होती तेव्हा हिंदुराव चिंचवड गावठाणात राहायचा, आणि शेजारची अंबूबाई जात्याचा खुंटा धरायला तिच्यासमोर बसायची. अजीजने गिटार टांग्यात चढवून दिली. अंबूबाई अंगणात लसूण सोलत होती. त्याने वाजवायच्या आधीच सांगून टाकलं, "आवाज बारीक आहे, वैनी. तिचा गळा कसा भरदार होता. पण जाड तार टिकत नाही."

अंबूबाईने मान वर केली. "कुनाचा भरदार?"

"सुभद्रेचा."

"अवं, तो माझा व्हता!" म्हातारी हसता हसता खोकू लागली. "तिचा गळा सुतावानी बारीक. पोर उठंल म्हनून आनखी बारीक करायची. म्या खाली धरायची, ती वर जायची. बायको तुमची, आन् आवाज ध्यानात ठिवला माझा! कुनाला सांगू नगा, माझा मालक वर वाट बगतोय."

हिंदुरावाला हसू आलं नाही. घोंगडीखालून सोळा वर्षं आठवत आलेला आवाज दुसऱ्याच बाईचा होता.

"वाजवा की आता," ती म्हणाली.

त्याने पायडल दाबलं.

"एकदम न्हाई. अर्ध्यावर दमायची ती. छातीनं अधू. तितं थांबा... आता जा."

लसूण बाजूला पडला. अंबूबाईने खालचा सूर धरला, फुटका, पण जागेवर. हिंदुरावाने पाय अर्ध्यावर रोखला, सोडला नाही, मग हळूच खाली नेला. बारीक तार त्या घरघरीतून एकटी वर निघाली.

"व्हय," अंबूबाई म्हणाली. "ही सुभी."

दिवाळीला तो गिटार घेऊन सोलापूरला गेला. शालनसमोर वाजवली. तिने पोराला मांडीवर थोपटत शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे, आबा. आई अशी म्हणायची?"

"अशीच."

"असेल," शालन म्हणाली, आणि चुलीवरचं दूध बघायला आत गेली. तिचा तरी काय दोष? तिला काय ठाऊक असणार?

देहूरोडला तो रोज वाजवायचा. कधी पाय अर्ध्यावर जास्त थांबतोय असं वाटायचं, कधी कमी. शंका आली की चिंचवडला जायचं, अंगणात बसायचं, आणि म्हातारी सांगायची.

अंबूबाई अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी वारली.